बांधलेलं मत

आबांच्या तोंडून मी कधी ‘होय’ ऐकलं नाही. दूधवाल्याने विचारलं, उद्या अर्धा लिटर जास्त ठेवू का, तर ते म्हणायचे, उद्याचं उद्या. कुणी लग्नाचं बोलावणं घेऊन आलं आणि येणार ना म्हणालं, तर पत्रिका कपाळाला लावायचे आणि गप्प बसायचे. लग्नाला मात्र सगळ्यांच्या आधी हजर.

मी खोली मागायला गेले तेव्हाही तसंच झालं. बारावी करून मी राजापूरकडच्या नाटे गावाहून रत्नागिरीला कॉलेजात आले होते. वडील होडीवर खलाशी. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे कुठे काय विचारायचं असतं तेही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, मागची खोली मिळेल का? आबांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. खोलीचं दार उघडलं आणि बाजूला होऊन उभे राहिले. मला तो नकार वाटला. मी परत फिरले, तेवढ्यात त्यांची बायको हसत बाहेर आली. त्यांना सगळी आळी काकी म्हणे. त्या म्हणाल्या, “अगो, दार उघडलान म्हणजे झालं. ह्यांच्या तोंडाची वाट बघत राहशील तर तुझं कॉलेज संपंल.”

आबांना शब्दाची भीती होती. शब्द तोंडात असेतो आपला, भायेर पडला की त्याला पाय फुटतात, असं ते म्हणत. पण म्हण सांगावी तसं नाही. पायरीखाली विंचू आहे, जपून उतर, असं सांगावं तसं.

बाहेरच्या खोलीत भिंतीवर काही फ्रेमा होत्या, सगळ्या पाठमोऱ्या. फोटोंची तोंडं भिंतीकडे. मला वाटलं देवांचे फोटो असतील, घरात सुतक असेल. एका दुपारी केर काढताना मी त्यातली एक सरळ केली. पांढरी टोपी घातलेला, गालफडं बसलेला एक माणूस होता. दुसरी सरळ केली, त्यात जाड चष्म्याचा. काकींनी आतूनच सांगितलं की ते सगळे खासदार, आमच्या भागातून दिल्लीला गेलेले. मी आबांना विचारलं, फोटो उलटे का लावलेत? ते म्हणाले, “मी सरळच लावलेले.”

संध्याकाळी कॉलेजातून आले तर दोन्ही फ्रेमा पुन्हा पाठमोऱ्या होत्या. काकींनी फिरवल्या असतील.

राज्यशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी आमच्या जुन्या लोकसभा मतदारसंघाचा इतिहास घेतला, तो या फोटोंमुळेच. तो मतदारसंघ आता नाही. मी पाळण्यात होते त्या सुमारास फेररचना झाली, तो मोडला आणि त्यातले तालुके दुसरीकडे जोडले गेले. वाचनालयात मला कोण कधी निवडून आलं, कुणाला किती मतं पडली, एवढं मिळालं. आबांकडे दुसराच इतिहास होता. कोण चांगला, कोण वाईट, कोणत्या पक्षाचा, यातलं ते काही सांगत नसत. त्यांच्या लेखी त्या मतदारसंघाचा इतिहास म्हणजे एकच गोष्ट होती. एक मागणं घेऊन त्यांनी प्रत्येकाचं दार कसं धरलं आणि प्रत्येकाने ते कसं टाळलं.

मागणं समजायला आधी गाऱ्हाणं समजायला हवं. आबांचं गाव राजापूरच्या वरच्या अंगाला, पऱ्याच्या पलीकडे. पऱ्या म्हणजे ओढा, पावसाळ्यात तो नदीसारखा फुगतो. गावात मानाने गावकर असलेला माणूस देवासमोर उभा राहून सगळ्या गावाच्या वतीने बोलतो, ते गाऱ्हाणं. आजारी कोण, मुंबईला नोकरीला गेलेला कोण, पीक, गुरं, सगळं एका दमात देवाला सांगायचं. हा मान आबांच्या घराकडे होता. वडील गेल्यावर अगदी तरुणपणी तो त्यांच्याकडे आला. काकी सांगायच्या की तेव्हा त्यांचा आवाज असा होता की पऱ्याच्या अलीकडे भांडी घासणाऱ्या बायकासुद्धा हात थांबवायच्या.

त्याच वर्षी निवडणूक होती. फोटोतले ते टोपीवाले साहेब खाडीतून होडीने आणि पुढे चालत गावात आले. देवळात नारळ ठेवला. पऱ्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, बांधून देईन म्हणाले. अशा वेळी गावकराने म्हणायचं असतं, बा देवा, ह्याला यश दे. तेवढंच. आबा तरुण होते, देऊळ भरलेलं होतं, आवाज लागलेला होता. ते पुढे बोलून गेले. म्हणाले, गावाचं एकेक मत ह्या खुर्चीला बांधलं. ही खुर्ची आपणहून सोडत नाय तोवर ते दुसरीकडे जाणार नाय.

कुणी त्यांना तसं बोलायला सांगितलं नव्हतं. पण देवासमोर गावकर बोलला तो गाव बोलला, असा नियम. साहेब निवडून आले. साकव झाला नाही. पुढच्या निवडणुकीला गाव चिडलेला होता, दुसऱ्याला मत द्यायचं म्हणत होता. म्हणून देवाला कौल लावला. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात, उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. त्या दिवशी एकही पाकळी पडली नाही. वाळल्या तरी चिकटून राहिल्या. लोक घाबरले. काही जणांनी तरीही दुसऱ्याला मत दिलं. पावसाळ्यात पऱ्या उतरताना त्यातल्याच एकाचा पाय घसरला आणि तो वाहून गेला. साकव असता तर वाचला असता, इतकं सरळ होतं ते. पण गावाने ते तसं घेतलं नाही.

गावाने ठरवलं, बांधलेला शब्द सुटत नाही तोवर आबांनी देवासमोर उभं राहायचं नाही. गाऱ्हाण्याचा मान चुलतभावाकडे गेला. आबा काकींना घेऊन रत्नागिरीला आले आणि आंब्याच्या कॅनिंगच्या कारखान्यात चौकीदार म्हणून लागले.

मला हे कळलं तेव्हा मी म्हटलं, पण आबा, मत तर गुप्त असतं, ते कुणाला बांधता कसं येईल? ते म्हणाले की तेच मी प्रत्येक साहेबाकडून ऐकायला गेलो होतो.

त्यांचं मागणं एका शब्दाचं होतं. ज्या खुर्चीला मत बांधलं, त्या खुर्चीवर कधीतरी बसलेल्या माणसाने ‘सोडलं’ म्हणायचं. बस. टोपीवाले साहेब निवडणूक हरून मुंबईत मुलाकडे राहत होते, तिथे आबा गेले. साहेब खाटेवर होते. त्यांनी विचारलं, कुठलं गाव? आबांनी गाव सांगितलं, देऊळ सांगितलं, होडी सांगितली. साहेबांना काही आठवेना. विसरलेलं सोडता येत नाही, म्हणून आबा परत आले. थोड्याच दिवसांत साहेब गेले.

चष्मेवाल्यांचं भाषण ऐकायला माणसं लांबून यायची. त्यांच्याभोवती इतकी गर्दी असे की आबांचं बोलणं मधल्या माणसांनीच ऐकलं. गावाची मागणी आहे एवढंच आत पोचलं. काही महिन्यांनी गावात देवळापुढे एक दिव्याचा खांब उभा राहिला. आबा सांगताना हसायचे. म्हणायचे, शब्द मागितला आणि उजेड मिळाला. तो दिवा पहिल्याच पावसात गेला.

मग जे आले ते मुंबईचे. मे महिन्यात आंब्याला यायचे आणि मतांना. त्यांनी मात्र आबांचं सगळं नीट ऐकून घेतलं, चहा पाजला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बांधलेली मतं कुणी सोडतो काय, आबा?”

आबा सांगायचे, सगळ्यांत तो एकच खरं बोललान.

मतदानाच्या दिवशी आबा पांढरा सदरा घालून गावी जात आणि सकाळीच रांगेत उभे राहत. रत्नागिरीला येऊन जन्म गेला, तरी नाव अजून गावच्या यादीत. नंबर आला की मागच्याला म्हणत, तुम्ही व्हा पुढे. तो गेला की त्याच्या मागच्याला. केंद्र बंद व्हायची वेळ झाली की पोलीस त्यांना घरी जायला सांगत. काकी म्हणायच्या, “म्हशीचं दावं तरी दिसतं. ह्यांचं दिसत पण नाय.”

फेररचनेचं कळलं तेव्हा आबा सरकारी कचेरीत गेले होते. तिथल्या कारकुनाने सांगितलं की तो मतदारसंघच आता नाही, काय असेल ते नव्या खासदारांकडे न्या. आबांनी विचारलं, मग आमचा शब्द कुणाकडे जमा? कारकून भला होता. त्याने जेवायला जायच्या आधी दोन-तीन फायली खरंच उघडून बघितल्या.

आता जे सांगायचं ते मला नीट सांगता येईल असं वाटत नाही. सुट्टीच्या दिवशी मी दुपारी घरी असायची. भर दुपारी, रस्त्यावर माणूस नसताना, आबा अंगणात प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवायचे. स्वतः बसायचे नाहीत. बाजूला हात बांधून उभे राहायचे आणि मान हलवत काहीतरी ऐकायचे. पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा खुर्चीपुढे. थोड्या वेळाने खुर्ची उचलून आत.

मी एकदा धीर करून विचारलं, कोण येतं? ते अगदी सहज म्हणाले की पूर्वी मी त्यांच्याकडे जायचो, आता ते येतात. मतदारसंघ गेला तशी त्यांची खुर्ची गेली. बसायला जागा नाही म्हणून बिचारे दारोदार हिंडतात. जुन्या हद्दीबाहेर त्यांना जाता येत नाही आणि हद्दीत ओळखणारं कुणी उरलं नाही. मी म्हटलं, येऊन काय करतात? आबा म्हणाले, “दुसरं काय करतील? मत मागतात.”

रत्नागिरी जुन्या हद्दीत येते का, असं मी विचारणार होते. विचारलं नाही, कारण माझं लक्ष अंगणाकडे गेलं. खुर्ची उचलली होती तिथे तिच्या पायांच्या खळग्या होत्या. बोटभर खोल, कुणी भारी माणूस बराच वेळ बसून गेल्यासारख्या. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, माती ओली होती. मी स्वतःला तेच सांगितलं.

पावसाळा संपला तशी आबांची तब्येत खालावली. जेवण कमी झालं. आपल्या दुखण्याबद्दल ते काही बोलत नसत, पण देवाबद्दल बोलू लागले. म्हणाले, मेल्यावर देव विचारेल तू कुठल्या गावचा, तर काय सांगू? गावाने तोंड बंद केलेला माणूस मी. एकदा देवासमोर उभं राहून बोललो की मग कधीही चालेल. पण त्याआधी शब्द सुटायला हवा आणि सोडणारं कुणी उरलेलं नाही.

मग एका सकाळी त्यांनी मला चहाला बोलावलं. त्यांनी विचार करून ठेवला होता. खुर्ची आली कुठून, तर मतदारांकडून. खुर्ची मोडली तर तिचं जे काय होतं ते परत मतदारांकडे गेलं. म्हणजे जुन्या मतदारसंघातल्या कुठल्याही मतदाराने ‘सोडलं’ म्हटलं तरी चालेल. पण ज्यांनी त्या खुर्चीसाठी एकदा तरी मत दिलं त्यांचे हात त्यात गुंतलेले. नाटे जुन्या हद्दीतलं. माझं नाव यादीत नुकतंच लागलं होतं. पुढची लोकसभा ही माझी पहिली.

“तुझं मत कोरं हाय, बाय,” आबा म्हणाले. “तू बोललीस तर लागू पडंल.”

मी आईला फोन केला. आई म्हणाली, दुसऱ्याच्या देवाच्या भानगडीत पडू नको, तू शिकायला गेलीयस. मला वर्गात शिकलेलं सगळं आठवत होतं, मत ही ज्याची त्याची गोष्ट, ते वगैरे. पण आबा ताटातला भात चिवडत बसायचे. काकी माझ्या पानात जास्तीचं वाढत होत्या. आणि मागणं शेवटी एका शब्दाचं होतं. मी तयार झाले.

आम्ही एसटीने गेलो आणि सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, मध्येच उतरलो. जुन्या मतदारसंघाची हद्द तिथून जात होती आणि शब्द हद्दीवरच सोडायचा असतो, असं आबा म्हणाले. खूण काही नव्हती. काळा कातळ, त्यावर पिवळं पडलेलं गवत, मधून डांबरी रस्ता आणि माथ्यावर ऊन. सावल्या पायांखाली गेल्या होत्या. झाड नाही, पाखरू नाही. गाडी वळणाआड गेली आणि तिचा आवाजही गेला. आबांनी मला एका जागी उभं केलं आणि स्वतः चार पावलं पलीकडे जाऊन माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यांनी हात बांधले, खुर्चीजवळ बांधत तसेच.

मी म्हटलं, “सोडलं.”

आवाज इतका बारीक आला की मलाच लाज वाटली. आबा म्हणाले, कुणाचं, काय, ते सांगून बोल. मग मी माझं गाव सांगितलं, त्यांचं गाव सांगितलं आणि मोठ्याने म्हटलं की त्या गावचं खुर्चीला बांधलेलं मत मी सोडलं.

वारा अजिबात नव्हता. आबांच्या मागे गवत वाकलं. एका बाजूला नाही, एका रेघेत. रस्त्याच्या कडेपासून सड्याच्या टोकापर्यंत, कुणीतरी एकामागोमाग एक चालत गेल्यासारखं, हळूहळू. मग सरळ झालं. आबांना ते दिसलं नाही, त्यांची पाठ होती. मी त्यांना सांगितलंही नाही. ते खाली बसले होते आणि कातळावर हात टेकून लहान मुलासारखे रडत होते.

त्यानंतरचे आबा मी आधी कधी बघितले नव्हते. ते दोन वेळा जेवायला लागले. दूधवाल्याला होय म्हणाले, तर तो गोंधळून काकींकडे बघत राहिला. अंगणातली खुर्ची बंद झाली. त्यांनी चुलतभावाला निरोप पाठवला, गावाने पुन्हा कौल लावला आणि या वेळी उजवीकडची पाकळी लावता लावताच पडली. देवदिवाळीच्या जत्रेला गाऱ्हाणं आबांनी घालायचं ठरलं. काकींनी मला नवी साडी घेतली. मी साडी नेसत नाही म्हटलं, तर म्हणाल्या, त्या दिवशी नेस, तुझ्यामुळं आमचं तोंड उघडलं.

पऱ्यावर आता चांगला सिमेंटचा पूल आहे. कुणाच्या वेळी झाला ते गावात कुणाला नक्की सांगता येईना. देऊळ भरलं होतं, मुंबईची माणसं आली होती, सकाळचं ऊन सभामंडपात आलेलं. मी बायकांमध्ये काकींजवळ उभी राहिले. आबा पुढे झाले. नारळावर हात ठेवला. पहिले काही शब्द मागच्यांना ऐकूच आले नाहीत, आणि मग तो आवाज लागला. काकींनी सांगितला होता तोच असणार. एवढ्याशा शरीरातून तो कुठून येत होता कळत नव्हतं. त्यांनी गावाची राखण करणारे सगळे देव घेतले, मुंबईची माणसं घेतली, आजारी घेतले, पऱ्यात वाहून गेलेला घेतला. प्रत्येक मागण्यावर सगळा गाव एका तोंडाने म्हणत होता, व्हय महाराजा. तो आवाज छातीत लागायचा. मीही म्हणत होते, सगळे म्हणत होते म्हणून. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

मग आबा वळले आणि त्यांनी माझ्याकडे हात केला. चेहरा आनंदाने नुसता फुलला होता. म्हणाले, “बा देवा, ही नाट्याची पोर. हिनं आमाला सोडवलान. हिला आमी परकी ठेवत नाय. आजपासून हिचं मत ते आमच्या गावाचं मत, गावाला सोडून ते कुठं जाणार नाय.”

“व्हय महाराजा,” गाव म्हणाला.

त्या आवाजात मी माझा आवाज ऐकला. मी बोलले नव्हते, माझं तोंड बोललं होतं. पलीकडे देवाच्या अंगावर कौलाच्या पाकळ्या लावलेल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले. एकही हलत नव्हती.

गर्दी फुटली तेव्हा मी आबांपर्यंत पोचले. लोक त्यांच्या पाया पडत होते. मी हळूच म्हटलं, आबा, ते शेवटचं मागे घ्या, मी तेवढं म्हणाले नव्हते. त्यांनी ऐकलं असावं. थांबले, माझ्याकडे प्रेमाने बघून हसले, छातीशी दोन्ही हात जोडले आणि पाया पडायला माझ्यामागे जो उभा होता त्याच्याकडे वळले.